शालूची पुढची ओळ

मंगळवार, ६ जानेवारी २००४. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहिली आहे. पुढे कोणी ‘नक्की कधी?’ असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

फोनमध्ये शनिवारपासून खरखर. आयुष्य टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर काढलं आणि निवृत्त झाल्यावर खासगी कंपनीची लाइन घेतली, तेव्हा भोगा. तक्रारीचा नंबर लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई म्हणाली. महत्त्वाचा असता तर उचलला असता. मग गिटार, ढोलासारखं काहीतरी, आणि त्याच्या खाली शालू.

शालू. माझी धाकटी बहीण. जाऊन सहा वर्षं होत आली.

*थांब जात्या घडीभर, नको करू घरघर* — एवढं म्हणते आणि तुटते. परत पहिल्यापासून. परत. रिसीव्हर हातात धरून उभीच राहिले. मग एक मुलगा आला, मॅम मे आय हेल्प यू, दोनदा म्हणाला. त्यानेच फोन ठेवला.

बुधवार, ७ जाने.

फोनची खरखर गेली. तरी तक्रारीचा नंबर लावला. लाइन तपासायला.

तीच आहे. ‘घडीभर’मधल्या ‘घ’ला दम लागल्यासारखा होतो, तो तिचाच. लहानपणी घटसर्प झाला होता, तेव्हापासून.

ओवी आमच्या आजीची. स्वतः अंगठेबहाद्दर. आमची आई शाळेत जाऊ लागली तेव्हा आजीने जात्यावर ती रचली. दोनच ओळी:

थांब जात्या घडीभर, नको करू घरघर
लेक माझी वाचते, ऐकू दे अक्षर अक्षर

कंपनीच्या फोनवर पहिलीच ओळ वाजते. लेक वाचायला बसली की तार कापतात.

शालूचा आवाज जगात एकाच माणसाने टेप केला होता. आमच्याकडे राहिलेल्या एका इंग्रज पोराने, नेव्हिल हॅदरसेजने. १९७० साली, आमच्या खडकीच्या घरात.

शुक्रवार, ९ जाने.

कंपनीच्या ‘ग्राहक सेवा केंद्रा’त गेले. काचेचं दार, एसी, टोकन. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तुमच्या फोनवर माझी बहीण गाते, तिला कोणी विचारलं होतं?

तिने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाली, “आजी, हा ऑप्शन सिस्टिममध्ये नाहीये.”

“आजी तुमच्या घरी. कोणता ऑप्शन आहे?”

“नेटवर्क, बिलिंग आणि अदर्स.”

“अदर्स लिहा.”

तक्रारीचा क्रमांक दिला. ती ट्यून एका इंग्रजी गाण्याची आहे, रीतसर हक्क विकत घेतलेत, असंही वर सांगितलं. कोणाकडून, ते तिला माहीत नाही. तिचाही इलाज नाही, बिचारी. पण बिचाऱ्या माणसांनाच काउंटरवर बसवतात, हे मला चांगलं माहीत आहे. मीही बसलेली आहे.

मंगळवार, १३ जाने.

कॅम्पात इग्नेशियसकडे गेले. (इग्नेशियस म्हणजे माझी बोर्डावरची मैत्रीण फिलोमिना, तिचा नवरा. तरुणपणी हॉटेलांतून ड्रम वाजवायचा. फिलो गेल्यापासून तो आणि त्याच्या रेकॉर्डी.) फोनवरची ट्यून मी गुणगुणून दाखवली. माझा गळा म्हणजे फुटका डबा, पण दोन सुरांत ओळखलं. उठला आणि रेकॉर्ड काढून आणली.

नेव्हिलच. कव्हरवर फोटो. दाढी कापलेली, डोळ्यांत तोच आळस.

इ. म्हणाला, “काय बोलते तू? हा मानूस तुमच्याकडे राहिला? आनि तू आता सांगते?”

मी म्हटलं, आमच्याकडे राहिला तेव्हा तो कोणीच नव्हता. पिवळा पडलेला एक पोरगा होता.

मग इ.ने त्याचं सगळं चरित्र सांगितलं. उत्तर इंग्लंडातला, बाप बसचा ड्रायव्हर. अठराव्या वर्षी बँड, बँड फुटला, पोरगं इकडे हिंडायला आलं. परत गेल्यावर हे गाणं केलं आणि रातोरात नाव झालं. नंतर स्वतः गाणं सोडलं, दुसऱ्यांसाठी लिहायला लागला, त्यांच्या रेकॉर्डी करायला लागला. शेतावरच्या गोठ्याचा स्टुडिओ केला. मोठमोठे गवई तिथे रांग लावून. तीन बायका, दारू, मग एक कान गेला, आता दुसराही जातोय म्हणतात.

प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय करतो, विचारलं. इ. म्हणाला, “गानारा गातो. काय ठेवायचं, काय कापायचं, ते हा ठरवतो.”

सुई ठेवली. ढोलांच्या ढिगाऱ्याखाली शालू. इथेही पहिलीच ओळ, पुन्हा पुन्हा, शेवटपर्यंत. म्हणजे फोन कंपनीने कापलेलं नाही. त्यानेच कापलं.

कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: शब्द, संगीत, निर्मिती — नेव्हिल हॅदरसेज. त्याखाली: पूना येथील प्राचीन मंदिरातला पारंपरिक मंत्र.

मंदिर! माझ्या आजीला जन्मात कुठल्या देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही.

बुधवार, १४ जाने.

झोप नाही. आठवेल तसं लिहिते.

१९७०. वडील लष्कराच्या हिशेब खात्यात. आम्हाला बौद्ध होऊन चौदा वर्षं झालेली. मी कॉन्व्हेंटमधून शिकून नोकरीला लागलेली, शालू नुकती कॉलेज संपवून घरी. नेव्हिलला कावीळ झालेली. केसांकडे बघून कॅम्पात कोणी खोली देईना, पेठांत तर प्रश्नच नव्हता. वडिलांना ऑफिसात कोणीतरी गंमत म्हणून सांगितलं. वडील त्याला घेऊनच आले. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. वडील म्हणाले, “खोली नाकारणं काय असतं ते आपल्याला कळत नसेल तर कोणाला कळणार?”

तर मागची खोली त्याला. उसाचा रस, भाताची पेज, मूग. शालू पेज नेऊन द्यायची आणि मागच्या ओट्यावर डाळ भरडायला बसायची. गायची. त्याच्याकडे पेटीएवढा टेपरेकॉर्डर होता. एकदा त्याने विचारलं, लावू का? ती लाजली, मग म्हणाली, लाव. जातं थांबवून म्हणायला सांगितलं तर तिला येईना. जात्याशिवाय सूर लागत नाही म्हणाली. म्हणून जात्यासकटच टेप केलं.

आणि हे मुख्य. अर्थ मी सांगितला त्याला. इंग्रजीत, शब्द न् शब्द. मदर पॅट्रिशियाच्या हाताखाली शिकलेलं इंग्रजी आहे, त्यात गैरसमजाला जागा नसते. आजीची हकीकतही सांगितली. त्याने डोळे पुसले. कावीळ झालेल्याचे डोळे तसेही पाझरतात.

म्हणजे माहीत होतं. मंत्र नाही, मंदिर नाही, सगळं माहीत होतं.

शनिवार, १७ जाने.

इ.चा फोन. माझं म्हणणं त्याला पटत नाही असं नाही. पण म्हणतो, “त्या टायमाला सगल्यांना इंडियाचं टेम्पल पायजे होतं. दलनाचं गाणं म्हटलं असतं तर कोन घेनार?”

म्हटलं, आम्हाला देऊळ नाकारलं ते नाकारलं, वर आमचं दळण उचलून देवळात नेऊन ठेवलं, आणि तू मला बाजारभाव सांगतोस.

मग म्हणाला, रेकॉर्ड घेऊन जा, तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे वाजवायला काही नाही हे तो विसरला. की विसरला नाही, यावं म्हणून…

मंगळवार, २० जाने.

नेव्हिलच्या लंडनच्या कचेरीला पत्र टाकलं. इ.ने पत्ता काढून दिला. पैसे नकोत, हे पहिल्याच वाक्यात लिहिलं, म्हणजे वकिलाकडे न जाता माणसाकडे जाईल. मागणी एकच: त्या आवाजाला नाव आहे. शालिनी. ते रेकॉर्डवर घाला आणि मंदिर काढा.

लग्नानंतरचं नाव घालावं का, यावर पेन थांबलं. तिच्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या घरी तिला सुजाता केलं होतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, जुनं सगळं सोडलं म्हणून छाती पुढे, आणि सुनेचं नाव बदलायची खोड तेवढी जशीच्या तशी. नाव मात्र निवडून बौद्ध ठेवलं, म्हणजे पुरोगामी. मी त्या घरात मुद्दाम मोठ्याने शालू म्हणायचे. तिची सासू म्हणायची, “कुणाला हाक मारताय ताई? ती पोर तर तुमच्याकडंच राहिली.”

गाणं तेव्हाच सुटलं. सासू म्हणाली असणार, जात्यावरचं गावाकडे राहू दे, आपण ते टाकून आलो. ‘असणार’ लिहिलंय, कारण शालूने कधीच काही सांगितलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रु.

काही नाही. उत्तर नाही. गुडघा. संध्याकाळी तक्रारीचा नंबर लावला, दोनदा. एकदा मुलगा उचलायच्या आत ठेवला. दुसऱ्या वेळी एकाने पलीकडून नमस्कारच घातला, “मॅम, तुम्हीच ना?”

बुधवार, १८ फेब्रु.

लंडनहून उत्तर. एका बाईची सही, हुद्दा लांबलचक. सदर आवाज म्हणजे प्रवासात केलेलं ध्वनिमुद्रण, गायिका अज्ञात, रचना पारंपरिक. मि. हॅदरसेज यांची प्रकृती बरी नसल्याने ते पत्रव्यवहार करत नाहीत. त्यांच्या संगीतावरील आपल्या प्रेमाबद्दल आभार.

प्रेमाबद्दल.

अज्ञात कोणाला? ज्याने तिच्या हातची पेज खाल्ली त्याला?

रविवारी वामनरावांकडे जाणार. शालूचा फोटो, लग्नाआधीचं काही कागदपत्र असेल ते आणते. मग बघते अज्ञात कशी राहते.

रविवार, २२ फेब्रु.

कात्रजला जाऊन आले. आजच लिहायला हवं.

वामनराव मुलाकडे राहतात. मुलगा दौऱ्यावर. सून शीतल रात्रपाळीहून येऊन नुकती उठलेली, डोळे सुजलेले. कॉल सेंटरमध्ये आहे, इंग्लंडातली गिऱ्हाइकं. तिथे ती शेरॉन. “मावशी, खरं नाव सांगायचंच नसतं. ट्रेनिंगमध्येच सांगतात,” म्हणाली आणि हसली. चहा ठेवायला गेली.

मी वामनरावांना सगळं सांगितलं. फोन, रेकॉर्ड, मंदिर, लंडनचं पत्र. ते पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, “ताई, तो आला होता.”

“कोण?”

“तो गोरा. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. तुम्ही नाशिकला होता. येरवड्याच्या घरी आला, खडकीच्या शेजाऱ्यांनी पत्ता दिला म्हणे. रिक्षातून उतरला, हातात एक पिशवी. शालिनी, शालिनी करत होता. मी म्हटलं, इथे कुणी शालिनी नाही.”

“असं का सांगितलंत?”

“नव्हतीच की. आमच्याकडे सुजाता होती.”

मी काय बोलले ते लिहीत नाही. शीतल कप घेऊन दारातच थांबली. वामनरावांनी ते सगळं ऐकून घेतलं. नंतर अगदी हळू म्हणाले, “पूर्ण ऐका. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. पडद्यामागे. मी वळून बघितलं तिच्याकडे. विचारलं, म्हणजे नजरेनं. मला काय, मी हाक मारली असती. तिनं मान हलवली. नाही म्हणून.”

“त्याला दिसली?”

“कोण जाणे. पडदा होता. तो जरा वेळ उभा राहिला, सॉरी म्हणाला, गेला.”

“नंतर विचारलं नाहीत?”

“विचारलं ना. म्हणाली, भाजी करपली.”

चहा तसाच राहिला. निघताना शीतलने फोटो पिशवीत घातला. रिक्षापर्यंत आली, पिशवीचा बंद नीट बांधला.

सोमवार, २३ फेब्रु.

माझी बहीण स्वतःच म्हणाली, मी इथे नाही.

दिवसभर हेच.

लोक लगेच एकच अर्थ काढतील. काढोत. तो आमच्याकडे होता त्या महिन्यांत मला तसं काही दिसलं नाही आणि माझी नजर… असो. दुसरा अर्थ मला जास्त छळतो. बारा वर्षं सगळं घर सुजाता म्हणत होतं. कदाचित तिलाही तोवर खरंच वाटत असेल, की शालिनी नावाचं कोणी नाही. आलेल्याला काय दाखवायचं? गाणं सुटलेलं. हाताला कांद्याचा वास.

आणि तो. पिशवीत काय होतं? रेकॉर्ड? मंत्र-मंदिराची माफी मागायला आला होता का? की आणखी ओव्या न्यायला?

माझा राग गेलेला नाही. पण आतापर्यंत तो एका जागी नीट उभा होता. आता त्याला बसायला जागा मिळत नाही.

शुक्रवार, २७ फेब्रु.

सकाळी कंपनीचा फोन. स्वतःहून! मॅडम, आपली तक्रार क्लोज करण्यात आली आहे. ती ट्यून आम्ही सगळीकडून काढली. आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद.

लगेच नंबर लावला. संतूरसारखं काहीतरी टिणटिण वाजलं. मुलाने उचललं. म्हटलं, आधीचं परत लावा. म्हणाला, मॅम, पण तुम्हीच तर कम्प्लेंट केली होती.

खरं आहे. मीच केली होती.

बुधवार, ३ मार्च.

इ.कडे. त्याला कात्रजची हकीकत सांगितली. बराच वेळ रेकॉर्ड हातात फिरवत होता. म्हणाला, आता सोड. बाई नाही बोलली, मॅटर फिनिश.

मी म्हटलं, ती ‘नाही’ बोलली ते तिच्या घरात, तिच्या कारणाने. त्याने ‘अज्ञात’ लिहिलं ते साऱ्या जगासाठी. ही दोन ‘नाही’ एक नाहीत. शिवाय दार वाजवायला आला होता म्हणजे नाव त्याला पाठ होतं. तेरा वर्षांनीही पाठ होतं. मग कचेरीतल्या बाईला अज्ञात म्हणून कोणी सांगितलं?

इ. उठला. सुई ठेवली. मी म्हटलं, पुढची ओळ कुठे गेली असेल? तो म्हणाला, असले लोक टेप फेकत नाहीत. कापलेला तुकडापन डब्यात ठेवतात, नाव घालून.

नाव घालून.

म्हणजे त्याच्या त्या गोठ्यातल्या स्टुडिओत कुठेतरी माझ्या बहिणीचा आवाज आहे, जात्यासकट, लेक माझी वाचते म्हणणारा. आणि ज्याच्या ताब्यात आहे तो बहिरा होत चाललाय.

सोमवार, ८ मार्च.

पत्र लिहिलं. कचेरीला नाही, त्याला. पाकिटावर ‘खासगी’. सोबत फोटोची प्रत: शालू ओट्यावर, जातं, मागे दोरीवर त्याचा चट्ट्यापट्ट्याचा शर्ट वाळतोय. तो शर्ट पाहून तरी अज्ञात म्हणू नये. मसुदा इथे मराठीत उतरवून ठेवते, टपालावर माझा विश्वास नाही. त्या खात्याची मी शेजारीण होते.

*नेव्हिल,*

*तू येरवड्याला गेला होतास हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं. आधी कळलं असतं तर पहिलं पत्र वेगळं लिहिलं असतं. सौम्य नाही, वेगळं.*

*तू शालिनीला विचारलंस आणि ती नाही असं तुला सांगण्यात आलं. ती होती. पडद्यामागे होती. तुला दिसली का? दिसली असेल तर तू काय समजलास आणि आजवर गप्प का राहिलास, हे मला हवं आहे. ती आता खरोखरच नाही, तेव्हा तिला विचारता येत नाही. तू उरला आहेस.*

*रेकॉर्डवर दोन्ही नावं घाल. शालिनी, जे तू विचारलंस, आणि सुजाता, जे तिला देण्यात आलं. कोणतं तिचं होतं ते ठरवायचा हक्क मला नाही, हे या महिन्यात शिकले. तुला तर नाहीच. मंदिर काढ. तिथे आम्हाला कोणी घेत नव्हतं, आणि आता आम्हाला जायचंही नाही.*

*मूळ टेप पाठव. तू पहिली ओळ ठेवलीस, कारण तुला जात्याची घरघर हवी होती. माझ्या आजीला ती थांबायला हवी होती. दुसऱ्या ओळीसाठीच पहिली रचली आहे. अर्थ मी तुला स्वतः सांगितला होता, आणि तू रडला होतास. की ती कावीळ होती?*

*तुझे कान गेले असं ऐकते. वाईट वाटलं, आणि ते खोटं नाही. पण डोळे आहेत ना. वाच.*

*उत्तर लेखी हवं. तुझ्या हस्ताक्षरात, कचेरीतल्या बाईच्या नाही. शुक्रवार, ३० एप्रिल २००४च्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन करू नये. मी लाइन धरून थांबणार नाही.*